रिमोटवरचा चार नंबर कुणाचा? आयर्लंडच्या माध्यममंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
संस्कृती, दळणवळण व क्रीडा विभाग,
आयर्लंड सरकार, डब्लिन

विषय : आयरिश भाषेतील सार्वजनिक वाहिन्यांचे क्रमांक, नावे व वेळा नियमांत बांधून देण्याबाबत

महोदय,

आम्ही आयर्लंडमध्ये राहणारे आणि प्रक्षेपणाच्या तांत्रिक कामातले मराठीभाषक आहोत. पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी येईल. मराठीत लिहितो आहोत, कारण हा प्रश्न आमच्या वाचकांना चटकन कळेल. आपले आयरिश भाषेतले रेडिओ केंद्र ‘रादिओ ना गेलताख्ता’ २ एप्रिल १९७२ रोजी सुरू झाले आणि मुंबई दूरदर्शन त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, बरोबर सहा महिन्यांनी. पुढे दूरदर्शनची ‘डीडी-१०’ आकडा सोडून ‘सह्याद्री’ झाली. आपल्याकडे उलटे घडले. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी ‘टेलिफीश ना गेलगे’ या नावाने निघालेली आयरिश भाषेची टीव्ही वाहिनी १९९९ मध्ये ‘टीजी४’ झाली.

मागणी सुरुवातीलाच सांगतो. वाहिनी काढणे आणि तिला पैसे देणे ही कामे आयर्लंडने केली आहेत. पण ती वाहिनी रिमोटच्या कुठल्या बटणावर येईल, पडद्यावर तिचे नाव कसे उमटेल आणि तिचे बातमीपत्र किती वाजता लागेल, या तीन गोष्टी आज बऱ्याच अंशी टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांच्या, ॲपवाल्यांच्या आणि वेळापत्रक लावणाऱ्यांच्या मर्जीवर आहेत. त्या ‘कमिशून ना म्यान’ या माध्यम आयोगाच्या नियमावलीत याव्यात.

आधी क्रमांकाचे पाहू, कारण घोळ तिथेच जास्त आहे.

१९९८ मध्ये टीव्ही३ ही खासगी वाहिनी आली. पहिली आरटीई वन, दुसरी नेटवर्क टू (दोन्ही आरटीई या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या), तिसरी टीव्ही३, म्हणून चौथी टीजी४. नाव बदलण्यामागे हा सरळ हिशेब होता आणि तो योग्यच होता. २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी आयरिश बोलता येते असे सांगितले. शाळा-कॉलेजच्या बाहेर रोज बोलणारे ७१,९६८ निघाले. या दोन आकड्यांमधले अठरा लाख लोक टीजी४ शोधत येत नाहीत. ते एक, दोन, तीन करत जाताना चारवर थबकतात, सामना किंवा गाणे पाहतात, कानावर आयरिश पडते. त्यांच्यासाठी वाहिनीचा पत्ता म्हणजे तो आकडा.

२०१८ मध्ये टीव्ही३ चे नाव ‘व्हर्जिन मीडिया वन’ झाले. म्हणजे आता तीन नंबरवर ‘वन’ नावाची वाहिनी आहे, आणि नावातला आकडा व बटण यांचा मेळ आरटीईच्या दोन वाहिन्या आणि टीजी४ यांनीच टिकवला आहे. सेअरव्ह्यू या फुकट अँटेना-सेवेवर टीजी४ चारवर आहे, स्काय या डिशसेवेवर १०४ वर. इथवर ठीक आहे. गडबड होते ती उत्तर आयर्लंडच्या सीमेवरच्या काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) आणि नव्या टीव्हींवर.

डोनेगल, मोनाहन, लाउथ इथे एकाच अँटेनाला दक्षिणेचे सेअरव्ह्यू आणि उत्तरेचे, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातील उत्तर आयर्लंडचे, फ्रीव्ह्यू अशी दोन्ही प्रक्षेपणे मिळू शकतात. फ्रीव्ह्यूवर चार म्हणजे ब्रिटनचे चॅनल फोर. टीव्ही आपोआप ट्यून होताना दोघेही चार मागतात. मग सेट आपल्या प्रोग्रामप्रमाणे निवाडा करतो : जो आधी सापडला किंवा ज्याचा सिग्नल जोरकस, त्याला चार, दुसऱ्याची रवानगी आठशेच्या पुढच्या अडगळीत. तिथे कोणी जात नाही. उपाय साधा आहे. ट्यूनिंगच्या आधी देश ‘आयर्लंड’ निवडायचा, वाहिन्यांची क्रमवारी ‘प्रसारकाच्या क्रमांकानुसार’ ठेवायची, ‘अक्षरानुक्रमे’ नाही, आणि जुनी यादी पुसून नव्याने शोध घ्यायचा. नुसते ‘अपडेट’ केले तर जुना घोळ तसाच राहतो. पण हे तीन टप्पे घरोघरी कोण सांगणार? आयर्लंडमध्ये विकला जाणारा प्रत्येक सेट कारखान्यातूनच असा लावून यावा, ही अट घालणे हे सरकारचे काम आहे.

उत्तर आयर्लंडचा विषय निघालाच आहे म्हणून एक आठवण. १९९८ च्या गुड फ्रायडे करारात ब्रिटिश सरकारने ही वाहिनी उत्तरेत अधिक दूरवर दिसावी यासाठी प्रयत्न करण्याचे मान्य केले होते. शांतता करारात टीव्ही वाहिनीचे नाव येणे ही सोपी गोष्ट नव्हे! करारात जुने नाव आहे. पुढच्याच वर्षी ते बदलले. उत्तरेत फ्रीव्ह्यूवर ती पोचायला मात्र २४ ऑक्टोबर २०१२ उजाडले, आणि तिथे तिचा क्रमांक पन्नाशीच्या पुढे आहे. नावात चार आणि बटण पन्नासच्या पलीकडे. वेल्समध्ये याच प्रश्नाचे उत्तर वेगळे निघाले : तिथे फ्रीव्ह्यूवर चार नंबर वेल्श भाषेच्या एसफोरसीला दिला आणि चॅनल फोरला आठवर बसवले. वेल्समधल्या लोकांनी त्यामुळे चॅनल फोर पाहणे सोडलेले नाही.

आता नवे टीव्ही. अँटेनाची वायरच न लावलेल्या सेटवर क्रमांक उरत नाही; उरतात चौकोनी चित्रे, आणि पहिल्या ओळीतली जागा बहुतेक वेळा पैसे मोजणाऱ्याला मिळते. युरोपीय संघाच्या २०१८ च्या दृकश्राव्य निर्देशातील कलम ७अ सदस्य देशांना सार्वजनिक हिताच्या सेवांना ठळक जागा देण्याची मुभा देते. ही मुभा वापरताना ‘योग्य ठिकाणी’ असे मोघम शब्द नकोत. चालू वाहिन्यांच्या यादीत सेअरव्ह्यूचाच क्रम, टीजी४ चे ॲप पहिल्या ओळीत, सेट विकला जातानाच आत भरलेले, आणि मुलांच्या विभागात कूला४ वरच, असे स्पष्ट लिहावे. कूला४ ही मुलांची वेगळी वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. मूल स्वतः रिमोट चालवते. खाली सरकून शोधायचे त्याला सुचत नाही. महाराष्ट्रात सह्याद्री कितव्या नंबरवर आहे हे सांगण्याआधी घरात कुठल्या कंपनीची डिश आहे ते विचारावे लागते. ती पाळी टीजी४ वर येऊ देऊ नका.

नावाचा प्रश्न बाहेरून क्षुल्लक वाटतो. आरटीईच्या नावातले ‘रेडिओ टेलेफीस’ बदलून शुद्ध आयरिश ‘रादिओ टेलिफीश’ करायला २००९ चा प्रसारण कायदा लागला, म्हणजे संसद शुद्धलेखनाकडे लक्ष देते. पण पडद्यावरचे शुद्धलेखन संसदेच्या हातात नसते. आयरिश स्वरावरची तिरकी रेघ, म्हणजे ‘फादा’, डिजिटल टीव्हीच्या मूळ अक्षरसंचात दोन बाइटांनी पाठवतात : आधी रेघ, मग अक्षर. सेटने तो संच ओळखला नाही आणि पश्चिम युरोपचा दुसरा संच धरला, तर रेघेचा बाइट स्वतंत्र अक्षर म्हणून वाचला जातो. आरटीईच्या शेवटच्या अक्षराच्या जागी टोपी घातलेला ‘ए’ (Â) आणि त्याच्या मागे बिनरेघेची ‘ई’ (E) उभी राहते. युनिकोडमध्ये मजकूर पाठवताना पहिला खुणेचा बाइट (हेक्समध्ये १५) राहून गेला तरी असाच गोंधळ. मग कोणीतरी कंटाळून फादाच काढून टाकतो. तो काढू नये. खुणेचा बाइट तपासावा.

रेडिओवर अडचण लांबीची आहे. गाडीतल्या एफएम रेडिओला केंद्राचे नाव दाखवायला आठच घरे असतात. ‘रादिओ ना गेलताख्ता’ हे नाव रोमन लिपीत मोकळ्या जागा धरून वीस अक्षरांचे होते. आरटीईची तीन, एक मोकळी जागा आणि ‘आर ना जी’ (RnaG) ची चार धरली तर बरोबर आठ भरतात. लोक तोंडीही ‘आर ना जी’च म्हणतात, तेव्हा हे लघुरूप अधिकृत यादीत नोंदवून टाकावे. याचा खरा उपयोग बोलून चालवायच्या स्पीकरवर होईल. आरटीईने डॅब, म्हणजे डिजिटल रेडिओचे, प्रक्षेपण ३१ मार्च २०२१ रोजी बंद केले. त्यामुळे ‘आर ना जी’च्या एफएम प्रक्षेपणाच्या (९२ ते ९४ मेगाहर्ट्झ) टप्प्याबाहेर राहणारा श्रोता आता बराचसा इंटरनेटवर विसंबून आहे. इंग्रजीच ओळखणाऱ्या यंत्रापुढे तो आयरिश नाव नीट उच्चारतो आणि यंत्र भलतेच काहीतरी लावते. केंद्रांच्या जागतिक याद्यांमध्ये पूर्ण नाव, फादा नसलेले नाव, लघुरूप आणि इंग्रजी कानाला ऐकू येईल तसे लिहिलेले रूप अशी चार पर्यायी नावे भरली तर हा प्रश्न बराच सुटतो. एका माणसाचे दोन दिवसांचे काम आहे.

आता वेळ. कायद्याने आरटीईने टीजी४ ला रोज एक तासाइतका आयरिश कार्यक्रम पुरवायचा असतो. किती, ते ठरले. पण किती वाजता, ते नाही. आरटीई वनवर संध्याकाळी सहाला एक मिनिट अँजेलसची, म्हणजे कॅथलिक प्रार्थनेची, घंटा वाजते आणि ६:०१ ला मुख्य बातम्या लागतात, म्हणून त्या बातमीपत्राचे नावच ‘सिक्स वन’. रात्रीच्या बातमीपत्राच्या नावातही नऊ वाजलेले आहेत. नावात घड्याळ असलेला कार्यक्रम हलवायची कोणाची छाती होत नाही. आयरिश बातमीपत्राचे नाव नुसते ‘नुअख्त’, म्हणजे बातम्या. ते दहा मिनिटे इकडे-तिकडे सरकवले तर नावाला धक्का लागत नाही आणि तक्रारही फारशी होत नाही. आरटीई वनवर ते सहाच्या आधी येते, तेव्हा नोकरदार माणूस बसमध्ये असतो. टीजी४ वर सातला येते, ती वेळ चांगली आहे. ही सातची वेळ नियमात लिहावी आणि ती मोडायची तर आधी जाहीर सूचना देण्याचे बंधन घालावे.

मोडते ती बहुतेक खेळामुळे. गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या पारंपरिक, खेळांचे सामने ही टीजी४ ची खरी कमाई आहे, त्यांना हात लावा असे कोणी म्हणणार नाही. पण काउंटी संघांचा वरिष्ठ सामना सत्तर मिनिटांचा, मध्यंतर, दुखापतींची वेळ, बरोबरी झाली तर वीस मिनिटे जादा. पावणेदोन तासांचा खण धरला तर जादा वेळेत तो फुटतोच, आणि मागचा कार्यक्रम अर्धा तास घसरतो. अशा वेळी वेळापत्रकाचे दोन तक्ते वेगळे पडतात. आठवडाभराचा तक्ता जुनाच राहतो. ‘आता व पुढे’ हा छोटा तक्ता प्रसारण कक्षातून हाताने पुढे ढकलावा लागतो. तो ढकलला नाही तर रेकॉर्डर जुन्या वेळेला सुरू होतो आणि पुढच्या कार्यक्रमाचा शेवट कापतो. बघणाऱ्याला वाटते आपलाच डबा बिघडला. ज्या सामन्यांत जादा वेळ शक्य आहे त्यांच्यामागे तीस मिनिटांचा लवचीक खण ठेवावा, त्यात जुने संगीत किंवा छोटे माहितीपट टाकावेत, आणि बातम्या व मुलांचे कार्यक्रम त्या खणात कधीही ठेवू नयेत. इतकी शिस्त पुरेशी आहे.

रेडिओवर वेळेचा अर्थ आणखी वेगळा आहे. रादिओ ना गेलताख्तावर निधनाच्या सूचना वाचल्या जातात. गावात कोण गेले, अंत्यविधी कुठे आणि कधी, हे म्हातारी माणसे तिथूनच ऐकतात. डोनेगल, कॉनेमारा आणि केरी इथल्या स्टुडिओंचे कार्यक्रम आपापल्या बोलीत, आपापल्या ठरल्या वेळी चालतात, आणि श्रोत्यांचा दिवस त्यांच्याभोवती बेतलेला असतो. नव्या श्रोत्यांसाठी वेळापत्रक ताजे करायचे असेल तर ते रात्रीच्या तासांत करावे. २००५ मध्ये इंग्रजी गाण्यांना वाट दिली तीही रात्रीच्याच तासांत.

यापुढे कुठल्याही सार्वजनिक वाहिनीचे नाव किंवा क्रमांक बदलायचा झाला तर आयोगाने आधी विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. नवे नाव गाडीच्या आठ घरांत बसते का? फादासह आणि फादाशिवाय शोधले तर सापडते का? उत्तर आयर्लंडमध्ये त्याच आकड्यावर दुसरे कोणी बसले आहे का? जुन्या नावाने लावलेली रेकॉर्डिंगे चालू राहतील का? आणि जुने नाव किमान वर्षभर शोधात जिवंत ठेवणार का? उत्तरे लेखी घ्यावीत.

एक अडचण आपल्या घरातलीच. २०२५ पासून माध्यमे आपल्या विभागाकडे आणि गेलताख्तचा, म्हणजे आयरिशभाषक भागांचा, कारभार ग्रामविकास विभागाकडे आहे. वेळापत्रकाबद्दलची तक्रार त्यामुळे सहज दोन टेबलांच्या मध्ये पडते. ती कोणी घ्यायची ते दोघांनी मिळून एका कागदावर लिहून द्यावे.

नियमावलीला वेळ लागेल, हे आम्ही जाणतो. पण एक काम तिच्यासाठी थांबलेले नाही. डिजिटल टीव्हीच्या कार्यक्रमसूचीत प्रत्येक कार्यक्रमाची नोंद भाषेच्या तीन अक्षरी संकेतासह जाते आणि एकाच कार्यक्रमाच्या दोन भाषांतल्या दोन नोंदी पाठवता येतात. टीव्हीच्या मेनूत आयरिश निवडणाऱ्याला आयरिश शीर्षक दिसेल, इंग्रजी निवडणाऱ्याला इंग्रजी, कोणाचेच अडणार नाही. ध्वनीच्या प्रवाहालाही तोच संकेत लागतो. तिथे चुकून इंग्रजीचा पडला तर सेट आयरिश कार्यक्रमाला इंग्रजी समजतो. टीजी४, कूला४ आणि आरटीई वनवरचे ‘नुअख्त’ एवढ्यांच्या नोंदी आधी तपासून घ्याव्यात. त्यासाठी आरटीईला आणि प्रक्षेपण जाळे चालवणाऱ्या टूआरएन कंपनीला आपले एक पत्र पुरे.

आपले,
आयर्लंडमधील काही मराठीभाषक प्रेक्षक व श्रोते