मराठी शोध अडतो तो साठवणीत

संपादक महोदय,

मराठी मजकुराचे मोठे साठे संगणकावर आले, पण त्यांत हवे ते सापडत नाही, सापडले तरी फार वेळाने. अशा वेळी वेगळे सर्च इंजिन घेण्याचा सल्ला लगेच मिळतो. त्याआधी आहे तो डेटाबेस नीट वापरावा, असे कळकळीने सांगावेसे वाटते. उदाहरण पोस्टग्रेस या डेटाबेसचे घेतो.

शोध बहुधा 'लाइक' या मजकूर जुळवून पाहणाऱ्या आदेशावर चालवलेला असतो. शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण (म्हणजे 'इथे काहीही चालेल') लावली की साधा बी-ट्री इंडेक्स (झटपट शोधासाठीची क्रमवार सूची) निकामी ठरतो, कारण तो मजकुराच्या सुरुवातीपासून लावलेला असतो. मग टेबलमधली प्रत्येक ओळ वाचली जाते. त्याऐवजी मजकुराचा टीएसव्हेक्टर (शोधासाठी सुटे केलेल्या शब्दांची यादी) जनरेटेड कॉलममध्ये, म्हणजे डेटाबेस स्वतःच भरतो अशा रकान्यात, ठेवावा (ही सोय २०१९च्या आवृत्ती १२ पासून आहे) आणि त्यावर जिन इंडेक्स (कोणता शब्द कोणत्या ओळींत आहे याची सूची) करावा. ही यादी बनवणाऱ्या टू_टीएसव्हेक्टर या फंक्शनला 'सिंपल' हे (शब्दांचे मूळ रूप न काढणारे) कॉन्फिगरेशन स्पष्ट द्यावे. ते गाळले तर कॉलम तयारच होत नाही. वाचकाचे शब्द टू_टीएसक्वेरी या शोधाची मागणी तयार करणाऱ्या फंक्शनला थेट देऊ नयेत, दोन शब्दांत नुसती मोकळी जागा असली तरी ते एरर देते. त्याच कामाचे वेबसर्च_टू_टीएसक्वेरी हे फंक्शन काहीही टाइप केले तरी अडत नाही. तिथेही 'सिंपल'च हवे.

खरी मेख पुढेच आहे. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, डेटाबेसला मात्र ते निराळे शब्द. युनिकोडचे एनएफसी हे प्रमाणित रूप हा फरक मिटवत नाही. म्हणून झेडडब्ल्यूजे असलेल्या क्रमाच्या जागी नुक्त्याच्या ऱ चा क्रम घालावा, साठवताना आणि शोधतानाही. एकाच बाजूला केले तर आधी सापडणारेही सापडेनासे होते.

प्रत्ययांसाठी 'घर:*' (म्हणजे 'घर'ने सुरू होणारे शब्द) असे दिले की 'घरात', 'घराला' मिळतात. त्यासाठी मात्र शब्द वेगळे करून टू_टीएसक्वेरीच वापरावे लागते. 'पाणी'वरून 'पाण्यात' तरीही मिळत नाही. सामान्यरूप मूळ शब्दाशी जोडणारा, हनस्पेल (शुद्धलेखन तपासणारी प्रणाली) पद्धतीचा शब्दकोश लागतो. हे काम एकट्या प्रोग्रामरचे नाही, भाषेच्या जाणकारांनी त्याच्याबरोबर बसायला हवे.

इंडेक्स असूनही पान रेंगाळत असेल, तर टीएस_हेडलाइन हे फंक्शन तपासावे. शब्द ठळक दाखवण्यासाठी ते मूळ मजकूर पुन्हा वाचते. आधी पहिले दहा निकाल निवडावेत, मग त्या दहांवरच ते चालवावे.

— एक वाचक