क्रूझवरील सरावाला ‘व्यत्यय’ समजू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझ सहलींवरील लेख वाचला. जेवणाचे प्रकार, पोहण्याचा तलाव, रात्रीचे कार्यक्रम, डेकवरून दिसणारा सूर्यास्त हे सारे त्यात आले आहे आणि त्यात अतिशयोक्ती नाही. मात्र बोट सुटण्याच्या सुमारास सर्व प्रवाशांना एकत्र जमवून जो संकटकालीन सराव घेतला जातो, त्याविषयी लेखात एक अक्षरही नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही बडोद्याची सहा माणसे, म्हणजे मी, पत्नी, मुलगा, सून, आठ वर्षांची नात आणि माझी थोरली बहीण, अशाच एका मुंबई-गोवा बोटीने गेलो होतो. त्या पहिल्या दिवसातला तो अर्धा तासच माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

पहाटेच्या गाडीने मुंबई गाठून आम्ही दुपारी बॅलार्ड पियरला पोहोचलो. सामानाला चिठ्ठ्या लागल्या, ओळखपत्रे तपासली गेली आणि घरून नेलेला थेपल्यांचा डबा तपासणीत अडला. (बडोदेकराला हा नियम पचायला जड जातो, पण तो विषय वेगळा.) बोट धक्क्यालाच लागलेली पाहून बहिणीला मोठे नवल वाटले. तिचे सासर दापोलीकडचे. लग्नानंतर ती भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने हर्णैला जात असे. तेथे बोट भर समुद्रात उभी राही आणि लुगडे सावरत, पोर कडेवर घेऊन हलत्या पडावात उतरावे लागे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, त्याच वर्षीचा तिचा जन्म. तिच्या सासरी बोटीचा प्रवास म्हटला की वडीलधारी मंडळी त्या दिवसाचे नाव काढत, त्यामुळे बोटीवर चढताना हात जोडण्याची तिची सवय अजून सुटलेली नाही.

साडेचारच्या सुमारास सात आखूड आणि एक लांब असे भोंगे झाले. धोक्याची ही खूण जगभरच्या जहाजांवर सारखीच असते. प्रत्येक केबिनला जमण्याची जागा ठरवून दिलेली होती. आमची एका मोठ्या सभागृहात होती. तेथे कर्मचाऱ्यांनी लाइफ जॅकेट अंगात घालून दाखवले. पट्टे कसे आवळावेत, शिट्टी कोठे असते, पाण्यात पेटणारा छोटा दिवा कोणता, उडी मारण्याची वेळ आलीच तर एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने जॅकेट खाली कसे दाबून धरावे आणि अशा वेळी लिफ्टकडे का फिरकू नये, हे सारे दाखवले गेले. हे सर्व चालू असताना सभागृहातील निम्म्याहून अधिक मंडळी मोबाइलवर स्वतःचीच छायाचित्रे काढत होती. ‘चहा निवतोय’, ‘पैसे भरून शाळेत बसवलेय’ असे शेरे मराठी, गुजराती आणि हिंदी या तिन्ही भाषांत ऐकू आले. आमच्याच मजल्यावरील एक कुटुंब तर केबिनमधून बाहेरच आले नाही आणि रात्री जेवताना ते त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितले.

या सरावाची वेळ कोणाच्या लहरीने ठरलेली नाही. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा जो पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या आजच्या रूपाला जहाजावरची मंडळी ‘सोलास’ म्हणतात. प्रवाशांनी चढल्यापासून २४ तासांच्या आत सराव घेतला तरी चालेल, असा त्यात पूर्वी नियम होता. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून कलंडली आणि ३२ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. त्यांना जॅकेट कोठे आहे आणि जमायचे कोठे, हे कोणी सांगितलेलेच नव्हते. त्यानंतर नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सराव घेणे बंधनकारक झाले. चहा निवतो तो या कारणाने.

बडोदेकराने तरी हा सराव हसण्यावारी नेऊ नये, असे मला वाटते. १८ जानेवारी २०२४ रोजी आमच्या हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेक मुलांच्या अंगात जॅकेट नव्हते. किनारा डोळ्यांसमोर होता. १९९३ मध्ये सूरसागरातही नाव उलटून माणसे गेली होती, म्हणजे हा धडा आमच्या शहराला नवा नव्हता. माझी नात त्या मुलांच्याच वयाची आहे, आणि त्या सभागृहात माझे लक्ष तिच्याकडेच होते.

सराव संपल्यावर केबिनचे कपाट उघडले, तर त्यात सगळी जॅकेटे मोठ्यांच्या मापाची निघाली. नातीला त्यातले एक घालून पाहिले तर ते तिच्या डोक्यावरून सरळ निघून आले. सोलासनुसार मुलांच्या मापाची जॅकेटे किमान प्रवासीसंख्येच्या १० टक्के, आणि मुले अधिक असल्यास प्रत्येक मुलाला एक मिळेल इतकी असावी लागतात. ती बोटीवर होतीही, पण आमच्या केबिनपर्यंत आलेली नव्हती. कर्मचाऱ्याला तीनदा सांगितल्यावर रात्री दहा वाजता लहान जॅकेट आले. तोवर मुंबईचे दिवे केव्हाच दिसेनासे झाले होते. त्या कर्मचाऱ्याला दोष द्यावासा वाटत नाही, तो बिचारा सकाळपासून धावत होता. परंतु आरक्षणाच्या वेळी आम्ही नातीचे वय लिहून दिले होते. ते वाचून जॅकेट आधीच केबिनमध्ये ठेवणे कंपनीला अवघड नव्हते.

दुसरी तक्रार भाषेची. सूचना इंग्रजीत सावकाश आणि हिंदीत घाईघाईने झाल्या. मुंबईहून सुटणाऱ्या आणि मराठी-गुजराती कुटुंबांनी भरलेल्या बोटीवर या दोन भाषांत निदान छापील कागद तरी द्यायला हवा. बहिणीला मी सारे मराठीत समजावले तेव्हा तिने जॅकेट मागून घेतले, स्वतः पट्टे आवळले आणि शिट्टी एकदा वाजवूनही पाहिली. शेजारच्या केबिनमधले लोक दार उघडून पाहू लागले, तर तिने त्यांनाही त्यांची जॅकेटे काढायला लावली.

मुले किंवा वृद्ध बरोबर असतील त्यांनी केबिनमध्ये शिरताच, जेवायला जाण्यापूर्वी, कपाट उघडून जॅकेटे मोजावीत, लहान माप तेव्हाच मागून घ्यावे आणि जमण्याच्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालून यावे. याला पंधरा मिनिटेही लागत नाहीत. आपल्या पुरवणीत पुन्हा क्रूझविषयी मजकूर येईल तेव्हा जेवणाच्या वर्णनाशेजारी एवढ्या चार ओळींना जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे