स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्यांकडेही पाहावे

महोदय,

२१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनी रुग्णांविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्यांना सांभाळणाऱ्यांविषयी मात्र फारसे नाही. देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे लाखो घरांत कुणीतरी, बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी, रात्र रात्र जागत आहे.

माझ्या सासूबाई पहाटे तीनला पिशवीत दोन लुगडी भरून दाराशी उभ्या राहत आणि ‘मला घरी सोड’ म्हणत. ज्या घरात पन्नास वर्षे संसार केला, तेच त्यांना परके झाले होते. त्यांची समजूत घालणे मला हळूहळू जमले, पण एखाद्या रात्री चिडून बोलले की त्याची टोचणी दिवसभर जात नसे. सहा वर्षांत एकाही डॉक्टरांनी ‘तुम्हाला झोप मिळते का’ असे मला विचारले नाही.

१४४१६ या क्रमांकावरची सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा मोफत असून तिथे मराठीत बोलता येते. सांभाळणाऱ्यांनीही तिथे मन मोकळे करावे, हे निदानाच्या दिवशीच सांगितले जावे. त्याहूनही निकड आहे ती विसाव्याची, आणि त्यासाठी आठवड्यातून दोन दिवस तरी रुग्णाला विश्वासाने ठेवता येईल असे डे केअर केंद्र नगरपालिकांनी तालुक्याच्या गावीही सुरू करावे.

– एक वाचक, सातारा