किल्ल्याच्या वाटेइतकीच भरतीची वेळही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला. त्यात आपल्या बागलाणातील साल्हेरबरोबर खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्लेही आहेत. तेव्हापासून साल्हेर, हरिहर, अंजनेरी अशा डोंगरांवर वाढलेल्या नाशिकच्या गिरिभ्रमण गटांची पावले कोकणाकडे अधिक वळू लागल्याचे मला दिसते आणि त्याचा मनापासून आनंदही आहे. मात्र डोंगरातील सवयी घेऊनच आपण समुद्रावर जातो, याची काळजी वाटते म्हणून हे पत्र लिहीत आहे.

फेब्रुवारीतील एका तृतीयेला आम्ही चौदा जण रात्री नाशिकहून निघून सकाळी अलिबागला पोहोचलो. कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते, एवढीच माहिती आमच्याजवळ होती. साडेनऊ वाजता पाणी घोट्यापर्यंत होते आणि घोडागाड्याही ये-जा करत होत्या, त्यामुळे आम्ही निश्चिंत मनाने आत गेलो. चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचून उभारलेला तट पाहिला, गणपतीचे दर्शन घेतले आणि चहूकडे खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर कशी, याच्या नवलात बराच वेळ गेला. साडेअकराला परत निघालो तेव्हा अर्ध्या वाटेवर पाणी कमरेला लागले आणि दोन्ही बाजूंनी चढू लागले. आमच्यात दोन शाळकरी मुले होती. एका नावाड्याने हाका मारून आम्हाला किल्ल्याकडे परत फिरवले आणि पुढे भरतीच्या पाण्यात होडीने किनाऱ्यावर आणून सोडले. त्या दिवशी कोणाला इजा झाली नाही याचे सारे श्रेय त्या नावाड्याचे आहे. चूक सर्वस्वी आमची होती, कारण चौदा जणांपैकी एकानेही भरतीची वेळ पाहिलेली नव्हती.

वास्तविक ती वेळ नाशिकमध्ये घरबसल्या काढता आली असती. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. तृतीयेला तो सव्वादोन येतो. त्याआधी सुमारे सव्वासहा तास, म्हणजे आठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी होऊन गेलेली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी उतरत नव्हते, तर चढत होते. शिवाय ते सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात जेमतेम जाणवते आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वाधिक वेगाने वाढते. नेमक्या त्याच वेळी आम्ही तटावर उभे राहून छायाचित्रे काढत होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि अलिबागच्या बाजूला भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्या आसपास जातो. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची, भरती असते. तेव्हा ओहोटी भर दुपारी सोयीच्या वेळी येते खरी, पण पाणी पुरते हटत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. हा हिशेब ढोबळ आहे. अचूक वेळांसाठी भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो आणि निघण्यापूर्वी तीच पाहावीत.

चढते पाणी नाशिककरांना नवे नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे हे आपण रोज वाचतो आणि दुतोंड्या मारुतीच्या कोठपर्यंत पाणी आले यावरून गोदावरीच्या पुराचा अंदाज घेतो. धरणातून पाणी सोडताना काठावरच्या लोकांना आधी सावध केले जाते. समुद्र चढताना भोंगा वाजत नाही, मात्र त्याचे वेळापत्रक वर्षभर आधीच ठरलेले असते. ते न पाहता माणसे घेऊन जाणे ही माझ्या मते आयोजकाची अक्षम्य हयगय आहे, मग तो आयोजक अनुभवी असो वा हौशी.

म्हणून शहरातील सर्व गटांना विनंती आहे की, सागरी किल्ल्याच्या मोहिमेची सूचना काढताना चढाईची श्रेणी आणि वर्गणी यांबरोबर त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ आणि किल्ल्यातून निघण्याची शेवटची वेळ ठळकपणे लिहावी, आणि ती वेळ झाली की पाहणे अर्धवट राहिले तरी सर्वांना बाहेर काढावे. आपल्यालाही एक विनंती आहे. आपल्या दैनिकात तिथी आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा रोज छापल्या जातात. ऑक्टोबर ते मे या काळात निदान शनिवारच्या अंकात त्यांच्याशेजारी अलिबाग, हर्णे आणि मालवण येथील भरती-ओहोटीच्या वेळा देता येतील का, याचा विचार व्हावा. नाशिकला समुद्र नाही, पण शनिवारी रात्री समुद्राकडे निघणारी माणसे नाशिकची आहेत.

आपला विश्वासू,
एक गिरिभ्रमणप्रेमी वाचक, नाशिक