नुसता मास्क लावून भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुनं फर्निचर घरच्या घरी नवं करायचा लेख वाचला, लेख छान होता पण पेंट रिमूव्हरबद्दल त्यात "मास्क आणि हँडग्लोव्हज घाला" एवढं एकच वाक्य होतं म्हणून हे पत्र.

बऱ्याच रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड नावाचं केमिकल असतं, त्यालाच डायक्लोरोमिथेनही म्हणतात. औषध कंपन्यांत आणि मशीनच्या पार्टवरचं ग्रीस काढायलाही तेच वापरतात. कामाला एक नंबर, ब्रशने फासलं की थोड्याच वेळात जुन्या ऑइलपेंटला सुरकुत्या पडतात, तो फुगतो आणि पत्रीने ओढला की सुटून येतो. पण हे 40 डिग्रीलाच उकळतं, त्यामुळे साध्या खोलीतही भराभर उडतं आणि वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड असल्याने खालीच साचते. अमेरिकेत बाथटबचा रंग काढणारे कामगार टबात वाकून काम करता करताच गेले, 2000 ते 2011 मध्ये अशा 13 मृत्यूंची नोंद आहे. आधी गरगरतं, नशा चढल्यासारखं होतं, मग शुद्धच जाते. शिवाय शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड (रक्ताला ऑक्सिजन नेऊ न देणारा विषारी वायू) बनतो आणि मोकळ्या हवेत आल्यावरही काही वेळ बनतच राहतो, हार्ट पेशंटने तर याच्या वाटेलाच जाऊ नये.

आता मास्कचं. धुळीचा किंवा कापडी मास्क वाफ अडवतच नाही, मास्कला लावायचं कार्बनचं कार्ट्रिज, म्हणजे फिल्टरही यापुढे फार टिकत नाही, म्हणून कारखान्यात बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो घरी कोण आणणार? लॅटेक्स, नायट्राइलच्या ग्लोव्हजमधून तर हे काही मिनिटांत आरपार जातं. आणि वास आला की थांबू म्हणावं तर तेही नाही, अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याची (OSHA) 8 तासांची मर्यादा 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) आहे आणि तो गोडसर वास जाणवेपर्यंत ती कधीच ओलांडलेली असते.

युरोपने असे रिमूव्हर सामान्य ग्राहकांसाठी आधीच बंद केले, अमेरिकेने 2019 मध्ये. बेन्झिल अल्कोहोलवाले रिमूव्हर मिळतात, हळू काम करतात, कधी कधी रात्रभर ठेवावे लागतात, पण चालेल की! (पॉलिशपेपरने घासायचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेही बघा.)

पुढच्या पुरवणीत यावर एक चौकट छापाल का? डब्यावर मिथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिलेलं असेल तर घरात वापरू नका, एवढं आलं तरी पुरे.

आपला,
एक नियमित वाचक