फाइंडरवरच भागेल म्हणणाऱ्या दादांना

दादा, स. न.

आकाशाचे फोटो काढताना एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बिणीचं भरकटणं सुधारत राहायचं, त्या गायडिंगसाठी काय घेऊ, असं मी विचारल्यावर ‘ऑफ-ॲक्सिस गायडर (मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश प्रिझमने गायडिंगच्या कॅमेऱ्याकडे वळवणारं उपकरण) घे, कटकट मिटेल’ एवढं सांगून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. तुम्ही आधी माझ्या दुर्बिणीचं नाभीय अंतर विचारलंत आणि हिशेबाला बसलात.

एका पिक्सेलमध्ये आकाशाचे किती आर्कसेकंद (अंशाचा 3600वा भाग) मावतात, तो हिशेब: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, गुणिले 206, भागिले नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये. माझ्या 500 मिमीच्या दुर्बिणीवर 3.76 मायक्रॉनचा कॅमेरा, म्हणजे पिक्सेलमागे दीड आर्कसेकंदाच्या जरा वर. साध्या 50 मिमी फाइंडरचं (तारा शोधायला मोठ्या दुर्बिणीवर बसवतात ती छोटी दुर्बीण) नाभीय अंतर 200च्या आसपास; त्यावर गायडिंगचा 3.75 मायक्रॉनचा मोनो (कृष्णधवल) कॅमेरा लावला तर 3.9. ‘हे तर अडीच पट भरड झालं!’ मी कुरकुरलो. तुम्ही शांतपणे सांगितलंत, गायडिंगचं सॉफ्टवेअर ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या छोट्याशा अंशापर्यंत काढतं. चार पट फरक असला तरी घाबरू नकोस.

म्हणून नवा गाइडस्कोप (गायडिंगची वेगळी छोटी दुर्बीण) घेतलाच नाही. होता त्याच फाइंडरचा आयपीस फिरवून काढला, तिथे अडॅप्टरची रिंग आणि कॅमेरा बसवला. वाचलेले पैसे तुम्ही कॅमेऱ्यात घालायला लावलेत, तेही बरंच झालं. गायडिंगचं सॉफ्टवेअर पीएचडी2 तर फुकटच आहे.

पण खरे आभार स्प्रिंगच्या कंसाबद्दल. फाइंडर धरणारा तो कंस नजरेला पक्का वाटतो. बोटाने दाबलं की नळी किंचित हलते. तेवढ्यानेही फाइंडर आणि मुख्य दुर्बीण यांची दिशा जुळत नाही; गायडिंगचा ग्राफ सरळसोट दिसतो, पण फोटोत सगळे तारे एकाच दिशेला ओढल्यासारखे येतात. तुमच्या सांगण्यावरून दोन कडी आणि प्रत्येकी तीन स्क्रू लावले, कॅमेऱ्याची केबल लोंबू न देता बांधून टाकली. एक्स्पोजर दोन-तीन सेकंदांचं ठेवलं, नाहीतर दुर्बीण फिरवणारं माउंट हवेच्या थरथरीमागेच धावत सुटतं.

दुसरी बाजूही तुम्ही झाकली नाहीत. दीड-दोन हजार मिमी नाभीय अंतराची, आरसा सरकणारी दुर्बीण असेल तर ऑफ-ॲक्सिसला पर्याय नाही, हे स्पष्ट म्हणालात. माझ्या दुर्बिणीवर मात्र तो लावायचा तर फ्लॅटनर (फोटोच्या कडेचे तारेही नेमके आणणारं भिंग) आणि कॅमेऱ्याचा सेन्सर यांच्यामधल्या 55 मिमीतच त्याची जागा काढावी लागली असती, शिवाय प्रिझमच्या चिमुकल्या पट्ट्यात गायडिंगचा तारा शोधत बसणं आलंच.

मोठी दुर्बीण घ्यायची बुद्धी झालीच, तर हिशेबाचा कागद घेऊन पुन्हा तुमच्याच दारात येईन. तयारीत राहा!

तुमचा,
एक नवशिका