मासा मरतो कसा, हेही नियमात लिहा

माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री महोदय,

मत्स्यपालनाचे नियम ताजेपणा आणि तापमानाबद्दल बारकाईने बोलतात. मासा मारायचा कसा, याबद्दल बहुतेक ठिकाणी अवाक्षर नसते.

माणूस आणि मासा एका पंक्तीला बसवा, असे आमचे म्हणणे नाही. माणसाच्या मरणाने पुढचे बेत, नाती, दिलेले शब्द सगळेच तुटते. माशाचे तेवढे तुटत नसेलही. पण वेदना बुद्धीच्या मापाने कमी-जास्त होत नाही. गुदमरणे ज्याला जाणवते, त्याचे हाल खरेच असतात.

जाणवते का? 2003 साली ट्राउट माशाच्या डोक्यावर 22 वेदनाग्राहक नोंदले गेले. ओठात अ‍ॅसेटिक आम्ल टोचल्यावर मासे ओठ खडीवर घासू लागले, श्वास वाढला, खाणे लांबले. मॉर्फिन हे वेदनाशामक दिल्यावर घासणे कमी झाले. नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेने एवढे सगळे समजावता येत नाही.

सर्वांत मोठी चूक जिवंत मासा बर्फात टाकून मारण्याची. बर्फात मासा शांत पडतो, म्हणून ती पद्धत सौम्य वाटते. प्रत्यक्षात थंडीने चयापचय मंदावतो, प्राणवायू पुरून उरतो आणि शुद्ध हरपायला उशीर होतो. पाण्याबाहेर काढलेल्या ट्राउटचा मेंदू 20 अंश सेल्सिअसला सुमारे अडीच मिनिटांत, तर 2 अंशांना साडेनऊ मिनिटांनी प्रतिसाद देणे थांबवतो. बेशुद्ध करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात तर मासे जिवाच्या आकांताने आपटत राहतात.

योग्य रीत अवघड नाही. डोळ्यांच्या किंचित मागे, मेंदूवर एकच जोरदार फटका किंवा विजेचा झटका. लगेच कल्ले कापून रक्त वाहू द्यायचे. कल्ल्यांच्या झाकणाची लयबद्ध हालचाल थांबली का आणि मासा कुशीवर वळवताना डोळा फिरतो का, हे पाहायचे. डोळा फिरला तर मासा शुद्धीवर आहे. फटका पुन्हा द्यायचा. घोळ होतो तो फटका मारणारे यंत्र एकाच आकाराला लावले की: लहान-मोठ्या माशांवर फटका चुकतो. वीज कमी पडली तर मासा नुसता लुळा पडतो, वेदना चालूच राहते. म्हणून आकारानुसार वर्गवारी आधी करायला हवी.

जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या जलचर संहितेत ही तत्त्वे आहेतच. ब्रिटनच्या 2022 च्या कायद्याने खेकडे, शेवंड आणि ऑक्टोपसही संवेदनशील प्राणी मानले.

आमची मागणी अशी: नियमांतील ‘प्राणी’ या व्याख्येत मासे आणावेत, बेशुद्ध न करता बर्फात मारणे ठरावीक मुदतीत बंद करावे, आणि लहान मत्स्यपालकांना उपकरणांसाठी अनुदान व प्रशिक्षण आधी द्यावे, दंड नंतर.

कळावे,
मत्स्यपालन आणि प्राणिकल्याण क्षेत्रांत काम करणारे आम्ही